‘ची’ अडलीये कुठे ते आधी बघा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात चिनी पारंपरिक वैद्यक, सूर आणि हालचाल यावर एक छोटं टिपण आलं होतं, त्यावर पत्रं आणि मेल भरपूर आले. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी ते टिपण वाचलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की चिनी वैद्यकात ‘ची’ म्हणजे शरीरात ठरलेल्या वाटांनी सतत फिरत राहणारी शक्ती, ती नीट फिरली की माणूस बरा, कुठे तुंबली, उलटी चढली किंवा विरून गेली की दुखणं सुरू. ही शक्ती आजवर कुठल्या मशीनवर मोजता आलेली नाही हे आधीच स्पष्ट करते. पण त्या विचारातून दोन हजार वर्षांत जे व्यायाम आणि सुरांची जी समज तयार झाली ती आपल्यासमोर आहे, शिकता येते, करून बघता येते आणि मला ती फार मोलाची वाटते.

प्रश्न : ताई, मी आयटीत आहे, वय ३४, ठाण्याला राहतो. दिवसभर खुर्चीत आणि रात्री क्लायंटचे कॉल. शनिवार-रविवार अक्षरशः झोपून काढतो तरी सोमवारी अंगात त्राण नसतं. मित्र म्हणाला चायनीज हीलिंग म्युझिक ऐक, एनर्जी वाढते. कुठली प्लेलिस्ट लावू?

उत्तर : दादा, गाण्याकडे येते, पण आधी तुमचा प्रश्नच जरा फिरवून घेऊ. एनर्जी कमी झाली म्हणून भरायची, ही आपली मोबाईल चार्जिंगची सवय आहे. चिनी वैद्य पहिल्यांदा हे विचारत नाही, तो विचारतो की या माणसाची ‘ची’ आत्ता कुठल्या दिशेला चाललीये आणि कुठे अडलीये. ‘हुआंगदी नेइजिंग’ हा त्यांचा मूळ ग्रंथ, साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात आजच्या रूपाच्या जवळ आलेला, त्याच्या ‘सूवेन’ या भागात एक यादी आहे जी मी शिकवताना कायम समोर ठेवते. रागाने ‘ची’ वर चढते, आनंदाने सैल होते, दुःखाने विरते, भीतीने खाली जाते, थंडीने आकसते, उष्णतेने बाहेर पाझरते, दचकल्याने विस्कटते, अतिश्रमाने खर्च होते आणि सततच्या विचाराने तिला गाठ बसते.

आता तुमचा दिवस या यादीवर ठेवून बघा ना. तुमचे श्रम अंगाचे नाहीतच, सगळा विचार, डेडलाइन, कोड, कॉल, म्हणजे तुमचं प्रकरण गाठीचं आहे, खर्चाचं कमी. आणि त्याच ग्रंथात दुसरीकडे लिहिलंय की फार वेळ बघत बसलं तर रक्ताला त्रास, फार वेळ आडवं पडलं तर ‘ची’ला त्रास, फार वेळ बसलं तर मांसाला, फार वेळ उभं राहिलं तर हाडांना आणि फार चाललं तर स्नायूबंधांना. तुम्ही आठवडाभर बघता आणि बसता, आणि मग दोन दिवस आडवे पडता. म्हणजे पाचातल्या तीन गोष्टी तुम्ही एकाच आठवड्यात करताय आणि तिसरीला आराम म्हणताय, म्हणूनच तर सोमवारी उठवत नाही.

यावर जुना चिनी उपाय हालचालीचा आहे. ‘ल्यूशी छुनछिऊ’ या इसवी सनापूर्वी २३९ च्या सुमाराच्या ग्रंथात एक कथा येते, प्राचीन राजांच्या काळात दमटपणा आणि साचलेपणा इतका वाढला की पाण्याच्या वाटा तुंबल्या, लोकांची ‘ची’ कोंडली, हाडं-स्नायू आखडले, तेव्हा ती मोकळी करायला नृत्य बसवलं गेलं. मला ही कथा आवडते कारण त्यात नृत्य करमणूक म्हणून येतच नाही, सरळ तुंबलेलं वाहतं करायला येतं.

तुम्ही बादुआनजिनपासून सुरुवात करा. आठ हालचालींचा संच आहे, नाव सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सोंग राजवटीच्या काळापासून चालत आलंय, आणि आज जो शिकवतात तो बहुतेक ठिकाणी २००३ साली चीनमध्ये प्रमाण केलेला संच. पहिली हालचाल आत्ता सांगते, खुर्ची मागे सरकवून करून बघा. पाय खांद्याएवढे लांब, गुडघे किंचित सैल. दोन्ही हातांची बोटं पोटासमोर एकमेकांत गुंतवा, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तिथे तळवे वळवा आणि डोक्यावर छताकडे ढकला, नजर हातांच्या मागे जाऊ दे, टाचा जमिनीवरच. वर क्षणभर थांबा, कुशीतून ताण जाणवला पाहिजे, काखेपासून कमरेपर्यंत. मग बोटं सोडून हात दोन्ही बाजूंनी हळू खाली, श्वास सोडत, गुडघे पुन्हा सैल. असं सहा वेळा. शिकवणारे म्हणतात की याने छाती, पोट आणि ओटीपोट या तिन्ही मजल्यांतली ‘ची’ मोकळी होते. ‘ची’ न मानणाऱ्यालाही हे पटेल की दिवसभर वाकलेल्या बरगड्या उघडल्या आणि श्वास पोटापर्यंत गेला. दर दीड-दोन तासांनी एवढं एक केलंत तरी चालेल, उगाच आठच्या आठ पाठ करायचं टेन्शन घेऊ नका.

संगीत हालचालीनंतर. विचाराची गाठ म्हणजे त्यांच्या हिशोबात प्लीहेचं काम बिघडलं, आणि त्यांनी पाच अवयवांना पाच सूर जोडलेत, त्यात प्लीहेचा (स्प्लीनचा) सूर ‘गोंग’. संथ गुछिन लावा, सात तारांचं ते वाद्य, पंधरा-वीस मिनिटं, आणि तेव्हा स्क्रीन बंद. आणि हो, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या, चिनी वैद्यही आधी नाडी बघतो, जीभ बघतो, मगच बोलतो.

प्रश्न : मी कोल्हापूरची, शास्त्रीय गायन शिकते. तुम्ही लिहिलंत की चिनी वैद्यकात पाच सूर आणि पाच अवयव जोडलेत. ते पाच सूर आपले कुठले? आणि मी ते गाऊन उपयोग होईल का?

उत्तर : या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण गाणाऱ्या माणसाला हे सगळं कानाने तपासता येतं. पाच सूर म्हणजे गोंग, शांग, ज्युए, झी आणि यू. गोंगला सा धरलं तर शांग रे, ज्युए शुद्ध ग, झी प आणि यू ध. म्हणजे सरळ आपला भूप राग! सूवेनमध्ये गोंग प्लीहेचा, शांग फुप्फुसाचा, ज्युए यकृताचा, झी हृदयाचा आणि यू मूत्रपिंडाचा. प्रत्येकाबरोबर एक भावनाही आहे, याच क्रमाने विचार, शोक, राग, आनंद आणि भय. एवढंच नाही, माणसाच्या तोंडून निघणारे आवाजही वाटून दिलेत, प्लीहेला गाणं, फुप्फुसाला रडणं, यकृताला ओरडणं, हृदयाला हसणं आणि मूत्रपिंडाला कण्हणं.

आता पुढची गंमत तुम्ही तंबोरा लावून करा. चिनी संगीतात या पाचपैकी कुठलाही सूर मुख्य धरून रचना होते, आपल्याकडे ज्याला मूर्च्छना म्हणतो तसंच. भूपाच्या रे ला सा मानून तेच पाच सूर म्हणा, मेघ किंवा मधमाद सारंगाचे सूर मिळतात. ग ला सा माना, मालकंस. प ला सा माना, दुर्गा. ध ला माना, धानी. म्हणजे त्यांच्या मांडणीप्रमाणे यकृताच्या ज्युए पद्धतीचे सूर हे मालकंसाचे सूर झाले आणि हृदयाच्या झी पद्धतीचे दुर्गेचे. मी पहिल्यांदा हे पेटीवर वाजवून बघितलं तेव्हा कितीतरी वेळ पेटीवरून उठलेच नाही.

पण लगेच ‘मालकंस गा आणि लिव्हर बरं करा’ असं कुणी व्हॉट्सॲपवर फिरवू नका प्लीज. राग म्हणजे नुसते सूर नाहीत हे तुम्हाला मी सांगायला नको, चलन, न्यास, लय, वेळ, सगळं आलं. चिनी ग्रंथकारांना मालकंस माहीत नव्हता आणि आपल्या रागांना त्यांनी कधी अवयव वाटून दिले नाहीत. सूर जुळले हे खरं, उपचार जुळला असं होत नाही.

हे पाच सूर कागदावरची कल्पना होती का, तर नाही. हूबेई प्रांतात सुइचौ इथे १९७८ साली झंग राज्याच्या यी नावाच्या सरदाराची कबर उघडली, इसवी सनापूर्वी ४३३ च्या सुमाराची, त्यात कांस्याच्या ६५ घंटांचा संच निघाला. प्रत्येक घंटेतून दोन वेगळे सूर निघतात, मध्यावर मारलं की एक, बाजूला मारलं की दुसरा, आणि घंटांवर सुरांची नावं कोरलेली आहेत. वुहानच्या संग्रहालयात आजही त्या टांगलेल्या दिसतात. म्हणजे वैद्य जेव्हा सुरांवर लिहीत होते त्याच्या आधीच सूर किती बारकाईने मोजले जात होते बघा.

उपयोग होईल का, याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर अकराव्या शतकातलं आहे. ओउयांग श्यू हा सोंग काळातला मोठा लेखक आणि अधिकारी, त्याने स्वतः लिहून ठेवलंय की मला खिन्नतेचा आजार होता, घरी विश्रांती घेऊनही गेला नाही, मग एका मित्राकडून गुछिन शिकलो, गोंग सुरातल्या काही रचना घेतल्या, रमत गेलो आणि आजार अंगात आहे हेच विसरलो. यात लक्ष द्या, तो नुसता ऐकत नव्हता, शिकत होता, बोटं तारेवर होती, रोज होती. आजारी मित्राला निरोप देताना त्याने हे सांगितलंय, औषध नको असं तो म्हणत नाही, औषध पोचत नाही तिथे हे पोचतं असा त्याचा रोख आहे. तुम्ही तर गाता. रोज पहाटे संथ भूप, खर्ज भरपूर, हाच तुमचा गोंग समजा.

प्रश्न : मला राग फार लवकर येतो, बीपीची गोळी चालू आहे. (वय ४७, पुणे.) राग आला की मी मोठ्याने ढिंच्यॅक गाणी लावून नाचते, सगळे म्हणतात बाहेर काढ, पण नाचून झालं की डोकं अजून तापतं. असं का?

उत्तर : ताई, वरची यादी परत बघा, राग आला की ‘ची’ वर चढते. चेहरा लाल, कानशिलं ठणकतात, मान ताठ, हे तुम्ही रोज अनुभवताय. त्यात जोरदार ठेका, हात डोक्यावर, उड्या, म्हणजे जे आधीच वर चढलंय त्याला अजून वर ढकलणं झालं. ठेक्याची गाणी वाईट नाहीत, ज्याची ‘ची’ दुःखाने विझल्यासारखी झालीये त्याला तीच कामाला येतील. तुम्हाला उतरणारी हालचाल हवी.

दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे बादुआनजिनची शेवटची हालचाल. पाय जुळवून उभं राहायचं, श्वास घेत टाचा उचलायच्या, जणू डोकं वर ओढलं जातंय, क्षणभर थांबायचं आणि श्वास सोडत टाचा खाली टाकायच्या, हलकेच धप्प. सात वेळा. दात एकमेकांवर टेकलेले, खांदे सैल. हाडं ठिसूळ असतील किंवा टाच दुखत असेल तर टाकू नका, सावकाश टेकवा.

दुसरी म्हणजे सहा ध्वनींचा श्वास. सहाव्या शतकाच्या आसपासचा ताओ होंगजिंग हा वैद्य लिहितो की श्वास आत घ्यायची रीत एक आणि बाहेर सोडायच्या रीती सहा. प्रत्येक रीतीला एक ध्वनी, आणि आज ज्या पद्धतीने शिकवतात त्यात यकृताचा ध्वनी ‘श्यू’. ओठ जरा पुढे, दात मोकळे, डोळे उघडे ठेवून लांब, सावकाश ‘श्यूऽऽ’, शेजारच्या खोलीत ऐकू जाता कामा नये इतकं हळू. पोट आत जाईपर्यंत सोडायचं, मग नाकाने आपोआप येईल तेवढाच श्वास. ताणायचं नाही. लांब उच्छ्वासाने धडधड शांत होते हे तुमचे डॉक्टरही सांगतील.

आणि एक जुनी युक्ती. नेइजिंग म्हणतं की दुःख रागाला जिंकतं आणि आनंद दुःखाला जिंकतो, म्हणजे एका भावनेवर दुसरी भावना हेच औषध. बाराव्या-तेराव्या शतकात चांग त्सोंगचंग नावाच्या वैद्याने हे खरंच उपचारात आणलं, शोकाने ज्याच्या छातीत दुखत होतं त्याला सुया टोचताना समोर नाच आणि बासरी-ढोल सुरू केल्याची नोंद त्याच्या ग्रंथात आहे. तुमच्या बाबतीत उलटा रस्ता, राग ओसरेपर्यंत एखादं करुण, डोळ्यात पाणी आणणारं गाणं लावा. रडू आलं तर येऊ द्या. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने सोडायची नाही, एक दिवसही नाही.

प्रश्न : यूट्यूबवर ५२८ हर्ट्झचं ‘प्राचीन चिनी हीलिंग म्युझिक’ असतं, ते खरंच चिनी आहे का? तिबेटी बोल, म्हणजे ते नाद करणारे धातूचे वाडगेही त्यातच दाखवतात.

उत्तर : नाही. हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात त्याचं माप, हे विसाव्या शतकातलं, आणि ५२८ वगैरे आकड्यांची सगळी गोष्ट पाश्चात्त्य देशांतून अलीकडे निघालीये, चिनी वैद्यकाच्या ग्रंथांत तिचा पत्ता नाही. चिनी लोक सूर ठरवायचे ते बांबूच्या नळीच्या लांबीवरून, एक तृतीयांश कमी कर, एक तृतीयांश वाढव, अशा गुणोत्तराने पुढचे सूर काढायचे. मूळ नळीची लांबी राजवटीप्रमाणे बदलायची, म्हणजे गोंगचा एकच एक कायमचा आकडा असूच शकत नाही. तिबेटी वाडग्याचा नाद सुंदर असतो, ऐकायला हरकत नाही, पण तो या पाच सुरांच्या शास्त्राचा भाग नाही. तेव्हा कुणी आकडा सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना पार्किन्सन्स आहे, वय ६९, आम्ही नाशिकला असतो. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दोनदा पडले. ताई ची केल्याने फायदा होईल का, की हे नुसतं फॅड आहे?

उत्तर : वहिनी, ताई ची म्हणजे संथ, सलग हालचालींचा चिनी व्यायाम, हे फॅड नाही, आणि इथे मी ‘ची’ बाजूला ठेवून सरळ पुराव्याचं बोलते. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामवंत नियतकालिकात अमेरिकेतल्या ऑरेगनमधला अभ्यास छापून आला. १९५ पार्किन्सन्सचे रुग्ण, तीन गट, एकाला ताई ची, एकाला वजनांचा व्यायाम, एकाला स्ट्रेचिंग, आठवड्यातून दोनदा एक-एक तास, २४ आठवडे. तोल सांभाळण्यात ताई ची करणारे दोन्ही गटांपेक्षा पुढे निघाले, आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा पडण्याचं प्रमाणही कमी झालं. आजार बरा झाला असं नाही, पण पडणं कमी होणं म्हणजे खुब्याचं हाड वाचणं, आणि या वयात ते केवढं मोठं आहे हे तुम्हाला माहितीये.

का होतं तर ताई चीत सगळं काम वजन बदलण्याचं आहे. एका पायावर पूर्ण भार गेल्याशिवाय दुसरा उचलायचाच नाही, आणि तेही इतकं हळू की मेंदूला प्रत्येक टप्पा कळावा. पार्किन्सन्समध्ये नेमकं हेच आपोआप होणं बंद झालेलं असतं. घरी करताना त्यांना भिंतीजवळ उभं करा, समोर जड खुर्ची, जिची पाठ धरता येईल. उजव्या पायावर भार, थांबा, डावा पाय हलका झालाय का बघा, टाच आधी ठेवा, मग तळवा, मग हळूहळू भार तिकडे. एवढंच, दहा मिनिटं. तुम्ही मागे किंवा बाजूला उभ्या राहा, हात धरून ओढू नका.

आणि पाय चिकटतात तेव्हा संगीत. ठाशीव, एकसारखा ठेका, मेट्रोनोमचं ॲप किंवा ओळखीचं, स्पष्ट तालाचं गाणं, त्यावर पाऊल टाकायचं. बाहेरून येणारा ठेका पार्किन्सन्समधल्या चालीला मदत करतो, फिजिओथेरपीत हे वापरतात. फिजिओला विचारून ठेक्याचा वेग ठरवा. गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेतच व्यायाम घ्या.

प्रश्न : मी एका व्हिडिओवर बघून चीगोंग (श्वास, लक्ष आणि हालचाल यांचा चिनी सराव) करतोय, श्वास कोंडून ‘ची’ डोक्यात चढवायची असं त्यात सांगतात. आता कपाळावर सतत दाब वाटतो, झोप उडालीये, कधी कधी अंगात काहीतरी सरपटतंय असं वाटतं. म्हणजे प्रगती होतेय का?

उत्तर : नाही. आजपासून बंद करा, खरंच सांगते, आज. चिनी शिक्षक स्वतः याला साधना बिघडणं म्हणतात आणि फार घाबरून असतात याला. १९८० च्या दशकात चीनमध्ये चीगोंगची लाट आली होती, बागांमध्ये हजारो लोक, आणि त्यात अशा तक्रारींचे लोक मानसोपचार विभागात येऊ लागले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या निदान-पुस्तिकेतही अति चीगोंगमुळे येणाऱ्या भ्रमाच्या अवस्थेची नोंद झाली. श्वास कोंडणं आणि लक्ष डोक्यात ठेवणं या दोन्ही गोष्टी नवशिक्याला कुठलाही जबाबदार शिक्षक सांगत नाही. लक्ष नाभीच्या खाली किंवा तळपायांवर, श्वास आपल्या गतीने, ही पहिली पायरी.

सध्या चीगोंग अजिबात नको. रोज मोकळ्या हवेत चाला, बागकाम करा, भांडी घासा, गरम पाण्यात पाय बुडवून बसा, रात्री जड जेवू नका, जागू नका. आठवडाभरात झोप आली नाही किंवा आवाज ऐकू येणं, कुणीतरी नियंत्रण करतंय असं वाटणं सुरू झालं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि घरच्यांना हे पत्र आजच दाखवा.

प्रश्न : मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही वर्षभरापूर्वी शांघायला आलो. संध्याकाळी सोसायटीसमोरच्या चौकात पन्नास-साठ बायका स्पीकर लावून नाचतात, बहुतेक आजीच. हे पण वैद्यकातच येतं का? आणि मी जाऊ का?

उत्तर : जा, नक्की जा! याला तिकडे ग्वांगचांगवू म्हणतात, चौकातलं नृत्य. वैद्यकाच्या ग्रंथात हे नाही, ही अगदी अलीकडची, निवृत्त बायकांनी स्वतः उभी केलेली गोष्ट आहे, पण तिचं मूळ बघायचं तर खूप मागे जाता येतं. हूनान प्रांतात चांगशाजवळ मावांगदुई इथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली एक कबर आहे, तिच्यात १९७३ साली रेशमावरचं एक चित्र निघालं, ४४ माणसं व्यायाम करताना. बायका आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, म्हातारे आहेत, कुणी वाकलंय, कुणी पक्ष्यासारखे हात पसरलेत, कुणी काठी घेतलीये. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सांध्यावर हुआ तुओ या वैद्याने वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या हालचालींचा संच सांगितला, आणि त्याचा शिष्य तो करून नव्वदीतही चांगलं ऐकू-बघू शकत होता, दात शाबूत होते, असं इतिहासग्रंथ सांगतात. हलतं दार किडत नाही, वाहतं पाणी कुजत नाही, हे म्हणणं तर त्याच्याही आधीचं.

स्पीकरच्या आवाजावरून मात्र तिथे खूप भांडणं झालीत, २०१५ मध्ये सरकारने १२ नमुना-नृत्यं सुद्धा ठरवून दिली, आणि २०२२ च्या ध्वनिप्रदूषण कायद्यात चौकातल्या करमणुकीच्या आवाजाचा उल्लेख आहे. तो आवाजाचा प्रश्न खराच आहे, झोपलेल्या बाळाच्या आईला विचारा. पण एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईला रोज संध्याकाळी घराबाहेर काढणारी दुसरी गोष्ट मला तरी दिसत नाही. भाषा येत नाही म्हणून अडू नका, मागच्या रांगेत उभ्या राहा, समोरच्या आजींच्या पायांकडे बघा, हात नंतर जमतील. आणि सकाळी लवकर जवळच्या बागेत गेलात तर तिथे ताई ची करणारे भेटतील, ते फुकट शिकवतात बऱ्याचदा.

प्रश्न : हे सगळं जेवणाआधी करायचं की नंतर? आणि जेवताना गाणी लावलेली चालतात का? आमच्याकडे यावरून रोज वाद. (सातारा)

उत्तर : बादुआनजिन, ताई ची जेवणाआधी, किंवा जेवल्यावर तासाभराने. जेवण झाल्याबरोबर काय करायचं ते सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या मोठ्या वैद्याने सांगून ठेवलंय, रमतगमत थोडं चालायचं आणि तळहाताने पोट चोळायचं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, नाभीभोवती, हलक्या हाताने. लगेच आडवं पडायचं नाही.

जेवताना गाणं चालतं, उलट तिकडे ते जुनं आहे, चौ राजवटीच्या रीतीभातींच्या ग्रंथात राजाच्या जेवणाला संगीताची साथ असल्याचं लिहिलंय. प्लीहा अन्न पचवते आणि तिचा आवाज गाण्याचा, म्हणून त्यांना यात नवल वाटत नव्हतं. फक्त गाणं संथ ठेवा आणि आवाज इतकाच की भाजी वाढू का हे विचारलेलं ऐकू आलं पाहिजे. टीव्हीवरच्या बातम्या आणि चर्चा मात्र बंद, त्याने राग आणि विचार दोन्ही सुरू होतात, तुमच्या वादात या मुद्द्यावर मी बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूने आहे.